वस्तूवर खूण, माणसावर पहारा

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर महादेवपुरा हा भाग लागतो. एके काळी ही कारखान्यांची वस्ती होती. नजीकच्या दूरवाणीनगरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९४८ साली उभा राहिला, आणि १९८०-८१ मध्ये बंगळुरातील सार्वजनिक उद्योगांच्या कामगारांनी जो सत्त्याहत्तर दिवसांचा संप लढविला त्यात या कारखान्याचे कामगारही उतरले होते. महादेवपुऱ्यातील ग्रॅफाइट इंडियाचा कारखाना २०१९ साली बंद झाला. चौकाला लोक अजून त्याचेच नाव देतात. आता त्याच रस्त्यावर मॉल आहेत, संगणक कंपन्यांची संकुले आहेत, आणि २०२३ च्या मार्चपासून डोक्यावरून मेट्रो धावते. महाराष्ट्रातून पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या तरुणांची संख्याही थोडी नाही.

अशा एखाद्या तरुणाचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी तो मेट्रोच्या फाटकावर टोकन टेकवितो. कंपनीच्या दारात गळ्यातले ओळखपत्र यंत्रापुढे धरतो. सुटीला गावी निघाला तर त्याच्या गाडीच्या काचेवरील फास्टॅग नाक्यानाक्यावर आपला क्रमांक सांगत जातो. आणि संध्याकाळी मॉलमध्ये घेतलेल्या सदऱ्याच्या कॉलरखाली किंवा बाजूच्या शिवणीत कागदापेक्षा थोडी जाड अशी एक पट्टी असू शकते, तिच्या पोटात धातूची नक्षी व मोहरीहूनही लहान चिप असते. चारही ठिकाणी तत्त्व एकच आहे. पहिल्या तिघांविषयी त्या तरुणाला निदान ठाऊक असते. चौथ्याविषयी त्याला कोणी काही सांगितलेले नसते. आजचा हा अग्रलेख त्या चौथ्या चिपेविषयी आहे.

‘रेडिओ फ्रीक्वेन्सी आयडेंटिफिकेशन’ या लांबलचक नावाला मराठीत रूढ झालेला शब्द नाही. ‘रेडिओ-लहरींद्वारे ओळख’ असे शब्दशः म्हणता येईल. परंतु ओळख वस्तूची की वस्तू बाळगणाऱ्याची, हा खरा प्रश्न त्या भाषांतरात झाकला जातो. म्हणून येथे आम्ही दुकानदाराचाच शब्द, टॅग, वापरीत आहोत.

टॅग म्हणजे नवा बारकोड, असे व्यापारी सांगतात. ते अर्धसत्य आहे. १९७४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरील काळ्या रेघा प्रथम यंत्राने वाचल्या. त्या रेघा वस्तूचा प्रकार सांगतात, अधिक काही नाही. एकाच कंपनीच्या साबणाच्या लाखो वड्यांवर तोच एक बारकोड असतो. रेडिओ-टॅगमध्ये मात्र सामान्यतः ९६ बिटांचा अंक साठविलेला असतो आणि तो प्रत्येक नगाला स्वतंत्र देता येतो. एकाच मापाचे व रंगाचे दहा हजार सदरे असले तर त्यांचे क्रमांकही दहा हजार. दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. बारकोड वाचण्यासाठी वस्तू यंत्रासमोर धरावी लागते. ती धरणाऱ्या माणसाला आपण काय करतो हे कळते. टॅगला समोर धरावे लागत नाही. त्यात विजेचा घट नसतो. वाचकयंत्राने सोडलेल्या लहरींतूनच तो शक्ती घेतो आणि काही मीटर अंतरावरून, पिशवीच्या आतून, अंगावरून उत्तर देतो. दुकानात वापरला जाणारा सर्वसाधारण टॅग ‘विचारणारा कोण’ हे विचारीत नाही. त्या जातीचे यंत्र ज्याच्यापाशी आहे त्या कोणालाही तो आपला क्रमांक सांगून मोकळा होतो.

(येथे एक गोष्ट लपविण्याचे कारण नाही. १९४५ साली मॉस्कोतील अमेरिकी राजदूताला सोव्हिएत पायोनियर मुलांच्या हस्ते एक लाकडी राजमुद्रा भेट देण्यात आली. तिच्या पोटात लेव तेरेमिन यांनी तयार केलेले, घटाविना व बाहेरून सोडलेल्या लहरींवर चालणारे श्रवणयंत्र होते, आणि १९५२ साली ते सापडेपर्यंत सात वर्षे ते राजदूताच्या निवासस्थानी लटकत होते. आजच्या टॅगचा पूर्वज म्हणून त्याचा उल्लेख होतो. यंत्र कोणाच्या हाती आहे हा प्रश्न आम्ही केवळ परक्यांना विचारीत नाही.)

टॅगचे उपयोग आम्ही नाकारीत नाही. गोदामात कोणता माल किती आहे याची मोजदाद पूर्वी रात्र रात्र चाले, ती आता हातातले यंत्र फिरवून थोड्या वेळात होते. झारा हे नाव ज्या स्पॅनिश कंपनीचे, त्या इंडिटेक्सने २०१४ पासून आपल्या दुकानांत ही पद्धत रुजविली. खेळाचे साहित्य विकणाऱ्या देकाथ्लोनच्या दुकानांत खरेदीची टोपली खणात ठेवली की सगळ्या वस्तूंचे बिल एकदम तयार होते. हिशेब नीट लागावा, चोरी कमी व्हावी, यात वावगे काही नाही. समाजवादी वितरणव्यवस्थेलाही हिशेब लागतोच. प्रश्न पैसे मोजून झाल्यावर सुरू होतो. माल विकला गेला, मालकी बदलली, व्यापाऱ्याच्या खातेवहीचे काम संपले; मग व्यापाऱ्याची खूण गिऱ्हाइकाच्या अंगावर बोलती का राहावी?

युरोपात हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी विचारला गेला. २००३ च्या मार्चमध्ये बेनेटन या इटालियन कंपनीच्या कपड्यांत चिप बसविल्या जाणार असे जाहीर झाले. ग्राहक संघटनांनी बहिष्काराची हाक दिली आणि काही आठवड्यांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या टेस्को दुकानात दाढीच्या पात्यांच्या पाकिटांना टॅग लावले होते. फळीवरून पाकीट उचलले की उचलणाऱ्याचे छायाचित्र निघे. जर्मनीत ऱ्हाइनबर्ग येथील मेट्रो कंपनीच्या ‘भविष्यकालीन’ दुकानात गिऱ्हाइकांना दिलेल्या सवलतीच्या कार्डांतच चिप दडविली असल्याचे २००४ साली उघडकीस आले. लोक निषेधासाठी रस्त्यावर आले आणि कंपनीने ती कार्डे परत घेतली. या लढ्यांच्या पार्श्वभूमीवर १२ मे २००९ रोजी युरोपीय आयोगाने शिफारस केली की खाजगीपणाला धोका संभवत असेल तेथे विक्रीच्या जागीच टॅग निष्क्रिय करावा, गिऱ्हाइकाने स्वतः तो चालू ठेवा म्हटले तरच ठेवावा. ती शिफारस आहे, कायदा नव्हे, आणि भांडवलदारी जगात शिफारशींचे काय होते हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. तरीही तत्त्व मान्य झाले. आपल्याकडे २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा या कामासाठी परवान्यातून मुक्त करण्यात आला. लहरी व्यापाऱ्याला मोकळ्या झाल्या. गिऱ्हाइकाच्या संरक्षणाचा शब्द त्यासोबत आला नाही.

“टॅगमध्ये फक्त सदऱ्याचा क्रमांक असतो, गिऱ्हाइकाचे नाव नसते,” असे उत्तर मिळते. ते तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. परंतु सदऱ्याच्या क्रमांकाला नाव कोठे चिकटते? बिलाच्या टेबलापाशी. तेथला विक्रेता वस्तू पिशवीत भरण्यापूर्वी मोबाइल क्रमांक विचारतो, आणि मागे रांग उभी असताना बहुतेक माणसे तो सांगून टाकतात. ही सक्ती इतकी वाढली की २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला विक्रेत्यांना सूचनापत्र पाठवून सांगावे लागले की मोबाइल क्रमांकावाचून बिल नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. नंबर मात्र अजून विचारला जातो. मोबाइल क्रमांक, कार्डाने किंवा यूपीआयने भरलेली रक्कम आणि त्या बिलातील नगांचे क्रमांक एका संगणकात एकत्र आले की सदरा बेनाव राहत नाही. तो सदरा अंगात घालून माणूस पुन्हा त्या साखळीच्या कोणत्याही दुकानाच्या दारात शिरला तर दाराला तो ओळखता येतो. अमुक दुकान आज असे करते असा आमचा आरोप नाही. कोणी केले तर त्याला अडविणारा नियम नाही, एवढेच आम्ही सांगतो आहोत.

एका कामासाठी लावलेली खूण दुसऱ्या कामाला कशी जुंपली जाते, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. फास्टॅग पथकरासाठी आला. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांच्या सर्व रांगा त्याच्या झाल्या आणि टॅग नसणाऱ्याकडून दुप्पट पथकर घेतला जाऊ लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये टॅगविना यूपीआयने भरणाऱ्याला सव्वापट, रोखीने भरणाऱ्याला मात्र दुप्पटच, असा नियम झाला. ज्या पैशावर नाव लिहिलेले नसते तो पैसा सर्वांत महाग ठरविण्यात आला, हे ध्यानात घ्यावे. दरम्यान २०२१ च्या जानेवारीपासून फास्टॅगची नोंद मालवाहतुकीच्या ई-वे बिलाशी जोडली गेली. विमानतळांचे व मॉलचे वाहनतळ त्याच्यावर पैसे घेऊ लागले. करचुकवेगिरी पकडण्यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक नवा उपयोग जोडताना गाडीवाल्याला विचारले कोणी? वाहनमालकांच्या नोंदींचे काय झाले तेही आठवावे. वाहन व सारथी या सरकारी नोंदसंचांत ८७ खाजगी कंपन्यांना व ३२ सरकारी संस्थांना प्रवेश देऊन सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले, असे २०१९ च्या जुलैमध्ये सरकारनेच संसदेत सांगितले. ते धोरण २०२० साली मागे घेण्यात आले. विकलेली माहिती कोणी परत मागितली नाही. ती मागता येतही नाही.

महादेवपुऱ्याला तर याचा आणखी जवळचा अनुभव आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रीय शोधातून उघड झाले की बंगळुरात चिलुमे नावाच्या संस्थेची माणसे मतदार-जागृतीच्या नावाखाली, मतदान केंद्राचे अधिकारी असल्याची बतावणी करून, घरोघर लोकांची माहिती गोळा करीत होती. महापालिकेने दिलेली परवानगी होती जागृतीची. निवडणूक आयोगाने शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या तीन मतदारसंघांच्या याद्या फिरून तपासण्याचा आदेश दिला, दोन वरिष्ठ अधिकारी निलंबित झाले. त्या प्रकरणात एकही रेडिओ-टॅग नव्हता. तेथे दारावर माणूस आला होता, त्याला नाव विचारता आले असते, दार लावूनही घेता आले असते. अंगावरच्या सदऱ्याला विचारणाऱ्या यंत्राच्या तोंडावर दार लावता येत नाही.

आमच्याच काही साथींना हा विषय सुखवस्तू मध्यमवर्गाचा वाटतो. ज्याला दोन सदरे धड नाहीत त्याने सदऱ्यातील चिपेची काळजी का करावी, असे ते विचारतात. हा युक्तिवाद ऐकायला कणखर आहे, पण चुकीचा आहे. पाळतीचा इतिहास श्रीमंतांपासून सुरू होत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी व इतर जमातींची नावे नोंदवून घेतली, आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत माणसे हजेरी देत जगली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, हजेरीची सवय पोलिसांच्या मनातून गेली नाही. नागपूर महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर २०२० च्या सुमारास जीपीएसची घड्याळे बांधलेली होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मनगटावर ती नव्हती. खूण नेहमी खालून वर चढते. आज फरक पडला आहे तो एवढाच की ती वर चढता चढता मॉलमधल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली, म्हणून तिला ‘प्रायव्हसी’ हे नाव मिळाले.

आणि तो सदरा शिवतो कोण? बंगळूर ही तयार कपड्यांची मोठी बाजारपेठ आहे, आणि तिथल्या शिलाई कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर आलेल्या बंधनांविरुद्ध याच स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. परदेशी खरेदीदाराने सांगितलेला टॅग कपड्याला लागतो तो बहुधा कारखान्यातच, त्यांच्याच हातांनी. काही कारखान्यांत कापलेल्या कापडाच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर चिप असलेले कार्ड फिरते. प्रत्येक यंत्रावर ते टेकविले की कोणत्या बाईने कोणती शिवण किती मिनिटांत घातली याची नोंद होते. पूर्वी मुकादम पाठीमागे उभा राहून घड्याळ पाही. तो निदान जेवायला जात असे. एकच चिप, एका टोकाला शिवणारीची मिनिटे मोजते आणि दुसऱ्या टोकाला घालणाऱ्याची पावले मोजू शकते. मधल्या सगळ्या नोंदी मात्र ज्याच्या मालकीच्या आहेत तो दोघींनाही कधी दिसत नाही.

संगणक कंपन्यांतील नोकरदारांनीही स्वतःला यातून वेगळे समजू नये. २०२४ च्या एप्रिलमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तिमाही चलवेतन कार्यालयातील हजेरीशी जोडले. दाराशी टेकविलेले ओळखपत्र आता पगारपत्रकापर्यंत जाऊन पोचते.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या खटल्याला ज्यांचे नाव आहे ते पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. बंगळुरातच राहत, आणि २०२४ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. त्या निर्णयानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हावयाची आहेत. ही सवड कोणासाठी, हे उघड आहे.

परंतु वेळेपेक्षा मजकूर अधिक बोलका आहे. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखू येते तेवढीच या कायद्याच्या कक्षेत येते. टॅगचा अंक सदऱ्याचा आहे, व्यक्तीचा नाही, असे म्हणावयास कंपनीला वाव राहतो. सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला कायद्यातून सूट देण्याचा अधिकार आहे. सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी व मालकाचे नुकसान टाळण्यासाठी नोकरदाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा आहे. शिलाई कामगाराची मिनिटे व संगणक कामगाराची हजेरी या एका कलमात सामावतात. कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो हे ठळकपणे सांगितले जाते. तो दंड सरकारी तिजोरीत जातो आणि ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई नाही, हे हळू आवाजात. उलट खोटी तक्रार वगैरे केल्यास नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील कलम आठमध्ये बदल करून अधिकाऱ्यांविषयीची माहिती मागण्याची वाट अरुंद केली. नागरिक काचेचा आणि सरकार भिंतीआड, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणून टॅगपुरती मागणी या कायद्याच्या दुरुस्तीची वाट पाहत थांबविण्याचे कारण नाही. उपाय यंत्रातच आहे. दुकानांत वापरल्या जाणाऱ्या टॅगच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याला कायमचे मुके करण्याची आज्ञा पहिल्यापासून दिलेली आहे. परवलीचा अंक पाठविला की टॅग पुन्हा कधी बोलत नाही. ती आज्ञा विक्रेते सहसा वापरीत नाहीत, कारण परत आलेला माल ओळखण्यास व पुन्हा फळीवर लावण्यास जिवंत टॅग सोयीचा पडतो. त्यांची ही सोय बिलाच्या क्रमांकाने भागू शकते. तेव्हा बिल फाडताच टॅग मुका करणे किंवा काढून देणे ही विक्रेत्याची जबाबदारी असावी. गिऱ्हाइकाने मागितल्यावर नव्हे, आपोआप, आणि त्याबद्दल वस्तू बदलून घेण्याचा हक्क कमी होऊ नये. वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर किंमत, वजन, उत्पादकाचा पत्ता छापावा लागतो. त्याच ओळीखाली ‘यात रेडिओ-टॅग आहे, तो अमुक ठिकाणी आहे’ एवढे छापण्यास किती शाई लागेल? हे मराठीत व कानडीत छापले पाहिजे, केवळ इंग्रजीत नव्हे. कारखान्यातील व कार्यालयातील टॅगची नोंद कोणत्या कामासाठी, किती दिवस ठेवायची, हे मालकाने एकट्याने ठरवू नये; वेतनकरारात ते कलम आले पाहिजे.

नियमात दुरुस्ती होईपर्यंत नव्या कपड्याच्या आतील लांबट पट्टी उजेडासमोर धरून पाहावी; तीत नागमोडी धातूची रेघ दिसली तर तो टॅग आहे आणि तो घरच्या कात्रीने शिवणीपाशी कापता येतो. काही पट्ट्यांवर बारीक अक्षरांत ‘वापरण्यापूर्वी काढा’ असे लिहिलेलेही असते. दाराशी ओरडणारी प्लास्टिकची जाड गुंडी ही मात्र वेगळी वस्तू. तीत सहसा क्रमांक नसतो आणि ती दुकानातच काढतात. तिच्यामुळे फसू नये.

मुंबईत १९७५ पासून काम करणाऱ्या ग्राहक पंचायतीसारख्या संस्था, बंगळुरातील शिलाई कामगारांच्या संघटना आणि २०१७ साली स्थापन झालेली कर्नाटकातील संगणक नोकरदारांची संघटना यांनी ही मागणी एका निवेदनात मांडली, तर गिऱ्हाईक आणि कामगार हे एकाच चिपेची दोन टोके धरून उभे आहेत हे प्रथमच कागदावर येईल. ते निवेदन केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे द्यावयाचे आहे, कारण वेष्टणावर काय छापावे हे तेच खाते ठरविते, आणि त्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. नियमातील एक ओळ पुरते.